डोंगर आतल्या खोलीत

४ फेब्रुवारी

दादा येतोय. डोंगर छापायला!

पुन्हा लिहिते, म्हणजे निदान मला तरी पटेल. जो माणूस गेली कित्येक वर्षं बाथरूमच्या फरश्या विकतोय, तो येऊन डोंगर छापणार. आणि मी? शाळा सुटल्यापासून याच बैठकीवर गुडघे झिजवतेय, ती मी पाणीच छापणार. का, तर बाबांनी ठरवलं.

“डोंगराला भार लागतो,” म्हणाले. “तू पाणी सांभाळ.”

भार! कागदाचे गठ्ठे माळ्यावरून कोण उतरवतं? ओल्या फळ्या कोण उचलतं? यांना आंघोळीच्या स्टुलावरून कोण उठवतं? तेव्हा नाही का लागत भार?

उत्तर म्हणून भांडी आपटली. ऐकू गेलं असेल तर बरं.

५ फेब्रुवारी

राग उतरलेला नाही, तरी नीट लिहून ठेवते.

संग्रहालयात जुन्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन भरतंय. लाकडी फळ्यांवर कोरून कागदावर छापलेली चित्रं – सगळी डोंगर आणि पाण्याची. त्यांच्याकडे आमच्याच घरात छापलेल्या प्रती आहेत. काही पणजोबांच्या वेळच्या, काही बाबांच्या भर उमेदीतल्या. त्यांच्या शेजारी टांगायला एक ताजी प्रत हवीय. फळ्या आमच्याकडेच. एक रेघांची, एक पाण्याची, एक डोंगराची.

डोंगराची फळी आई गेल्यावर वर्षभरानं कापडात गुंडाळली, ती तशीच पडलीय. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. त्यानंतर आमच्याकडे नुसतं पाणीच छापतात – तळी, नद्या, पूल, होड्या. तरी बाजारात बाबांना अजून ‘डोंगरवाले’च म्हणतात. आणि मला ‘पाणीवाली’. जणू टँकर चालवते!

या घराचा एक जुना नियम आहे. पाणी बाहेरच्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. डोंगर आतल्या खोलीत, दार लावून. लहानपणी कारण विचारलं तर “वाऱ्यानं कागद सुकतो.” मग पाण्याचा कागद बाहेर सुकत नाही का? बाबा आत बसून कसला एवढा डोंगर छापत, ते मला कधी बघायलाच मिळालं नाही. ती खोली आता अडगळीची. दाराला कुलूपसुद्धा नाही, पण आत गेलं की चोरी केल्यासारखं वाटतं.

७ फेब्रुवारी

पाणी छापायला घेतलं. आधी रेघा, मग पाणी, शेवटी डोंगर – फिका रंग आधी, गडद मागून.

लोकांना वाटतं पाणी सोपं. पाणी म्हणजे जवळजवळ सगळा कोराच कागद! फक्त काठाशी एक निळा पट्टा, तोही आत येता येता विरत गेला पाहिजे. फळीला रंग लावायचा आणि ओल्या फडक्यानं असा पुसायचा, की कुठे संपला ते कळू नये. मग कागद फळीच्या कोपऱ्यातल्या खाचेत बसवायचा आणि पाठीवरून चकतीनं – मुठीत मावणारी, दोरी वळून केलेली – घासायचं. हलक्या हातानं. पाण्यावर जोर केलास तर त्याचा चिखल होतो, हे बाबांचं वाक्य.

मी डावरी. लिहिते, झाडते, चिरते, सगळं डाव्या हातानं. चकती तेवढी उजव्या. लहानपणी डाव्या हातात चकती घेतली की बाबा ओरडायचे नाहीत. उठून बाहेर निघून जायचे. थप्पड परवडली असती. म्हणून शिकले उजव्या हातानं.

आज पाणी चांगलं उतरलं. कुणी बघितलं नाही.

८ फेब्रुवारी

संग्रहालयातली बाई येऊन गेली. गळ्यात भिंग, तोंडात भाषण. चित्राखाली लावायचा मजकूर वाचून दाखवला. डोंगर म्हणजे स्थैर्य, पिता, सत्ता, जे हलत नाही ते. पाणी म्हणजे मन, स्त्री, जे एका जागी ठरत नाही ते. दोन्हीच्या मधे होडीतला इवलासा माणूस – तो म्हणजे आपण, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे.

बाबा मान डोलावत होते. मोतीबिंदूमुळे समोर माणूस आहे की कपाट ते कळत नाही, पण मान बरोबर डोलते!

मी म्हटलं, “अहो, या घरातला मुलगा गेला, मुलगी राहिली. मग हलत नाही ते कोण आणि ठरत नाही ते कोण?”

बाई हसली नाही. लिहून घेतलं. म्हणजे माझा संताप आता तळटीप होणार.

जाताना एक बोलली ते मात्र डोक्यात राहिलंय. जुन्या चित्रांत डोंगराचा पायथा कधीच दाखवत नाहीत म्हणे. वर शिखर, खाली पाणी, मधे धुकं – म्हणजे कोरा कागद. डोंगर कशावर उभा आहे ते बघणाऱ्याला दिसू द्यायचं नाही, म्हणून तो एवढा मोठा वाटतो. मी म्हटलं, कोरणाऱ्याचा आळस. तेव्हा हसली.

१० फेब्रुवारी

आला. आयत्या बिळावर नागोबा.

केस गेलेत, पोट आलंय. हात मऊ, नखं कापलेली. मला म्हणाला, “कशी आहेस?” मी म्हटलं, “पाणीदार.” त्याला कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

बाबा सकाळपासून दाढी करून बसलेले. माझ्यासाठी कधी केली नाही. पण मी कुठून येणार? मी तर इथेच असते!

११ फेब्रुवारी

आतली खोली झाडायला कोण? मी. फळी पुसायला? मी. रंग घोटायला? मी. सगळं झाल्यावर दादा आत गेला आणि बाबांनी बाहेरून दार ओढून घेतलं. नियम म्हणजे नियम.

दारापाशी उभी राहिले. आतून चकतीचा आवाज – खर्र, थांब, खर्र, थांब. दाराबाहेरूनच सांगते: हात घाबरलाय.

१२ फेब्रुवारी

डोंगराला नायटा झालाय.

जागोजागी पांढरे ठिपके. कुठे रंग बसलाच नाही, कुठे डबकं साचलंय. शिखर तर असं दिसतं, की कुणीतरी त्यावर बसून उठलंय. आणि खाली माझं पाणी! स्वच्छ, विरत गेलेलं, एक डाग नाही. वर या गृहस्थाचा डोंगर पडला की तो कागद मेला. म्हणजे त्याच्या प्रत्येक चुकीला माझं एक पाणी जातं. हे कुणाच्या लक्षात येतंय का? नाही. बाबा कागद नाकाशी धरतात, पाठीवरून अंगठा फिरवतात आणि एकच शब्द – “पुन्हा.”

दादावर ओरडत नाहीत. आवाजसुद्धा चढत नाही. माझा एकदा खाचेतून केसभर कागद सरकला होता, तेव्हा जेवले नव्हते!

१३ फेब्रुवारी

पुन्हा.

१४ फेब्रुवारी

पुन्हा. आणि कागद संपत आलाय.

१५ फेब्रुवारी

आज ठिणगी पडली.

मी फाटके डोंगर गोळा करत होते. दादा म्हणाला, “माझ्यावर राग काढू नकोस. मी स्वतःहून आलो नाही.”

म्हटलं, “स्वतःहून गेलास तर होतास! पळून गेलास. मला आणि म्हाताऱ्याला टाकून.”

“पळून नाही. हरून गेलो. आई गेल्यावर वर्षभर याच खोलीत बसवलं मला. एक डोंगर आला नाही. त्यांचा चेहरा बघवेना.”  मग – “तुला कुणी सांगितलं नाही, पण आई…”

“आईला मधे आणू नकोस,” मी म्हटलं. “तुला आई सोळा वर्षं मिळाली. मला तिचा चेहरापण आठवत नाही. तिच्या नावावर माझ्याकडून सहानुभूती मागू नकोस.”

वाक्य तसंच टाकून फाटके कागद उचलायला लागला. बरं झालं. त्याच्याकडे आईच्या आठवणींचा साठा आहे आणि प्रत्येक वेळी अडचणीत आला की त्यातली एक काढतो. मी त्याला पाण्यात पाहते, हे मी इथे लिहिते. इथे खोटं लिहून काय मिळणार?

१६ फेब्रुवारी

तर आता त्यानं शेवटी बोलून दाखवलं. “तू छाप. मी कुणाला सांगणार नाही.”

म्हणजे डोंगर माझा आणि नाव त्याचं. वा! उपकार करतोय वरून.

नाही म्हटलं. अगदी ठणकावून.

१७ फेब्रुवारी

छापला!!

बाबांना घेऊन दादा डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला होता. घर रिकामं. मी नुसती खोली आवरायला गेले होते, देवाशपथ. फळी समोर. बाजूला माझे पाणी छापलेले शेवटचे मोजके कागद. मनात म्हटलं, त्यानं वाया घालवण्यापेक्षा मी घालवते.

पहिल्यांदा उजव्या हातानं. झाला, पण नेभळट. डोंगर कसला, उशी. मग असा संताप आला – फळीचा, दाराचा, ‘भार लागतो’चा, सगळ्याचाच – की चकती डाव्या हातात घेतली आणि खांद्यापासून घासत सुटले. दात खाऊन. बाबा उठून जायला समोर नव्हतेच.

कागद उचलला. काय लिहू? डोंगर बसला होता. शिखर गडद, जवळजवळ काळं, तिथून खाली निळा उतरत आलेला आणि धुक्याशी येऊन निमूट विरलेला. इतकी वर्षं फडक्यानं पाणी पुसलं, तो हात इथे उपयोगी पडला. एक ठिपका नाही. मी मोठ्यांदा हसले. एकटीच. मग एकामागून एक, कागद संपेपर्यंत छापले.

कुठे गेला तुमचा भार?

ते आले तेव्हा मी बाहेर भाजी चिरत होते. दादानं आत जाऊन बघितलं आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

१८ फेब्रुवारी

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं, रागानं.

सकाळी दादानं कागद बाबांच्या हातात दिला. नाकाशी धरला त्यांनी. मग उलटा केला. पाठीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, सावकाश, काहीतरी हरवलंय तसा. “आला,” म्हणाले. “डोंगर आला.” आणि ढसाढसा रडले. माझा बाप! माझ्या आख्ख्या आयुष्यात मी त्यांना रडताना बघितलेलं नाही.

मग म्हणाले, “शाबास.” आणि ते कुणाला? दादा उजवीकडे उभा, मी डावीकडे. तोंड माझ्याकडे करून दादाला शाबास! माणूस कुठे उभा आहे तेही दिसत नाही आणि ऑपरेशन म्हटलं की प्रदर्शन झाल्यावर बघू.

दादा गप्प. ‘कुणाला सांगणार नाही’ म्हणाला होता ना, तर दिलेल्या शब्दाला जागला! एवढा प्रामाणिकपणा फरश्या विकताना कुठे असतो?

माझ्या हाताची शाबासकी त्याच्या पाठीवर.

२० फेब्रुवारी

बाईनं मजकुराची पाटी छापायच्या आधी तपासायला पाठवली. ‘डोंगर – चिरंजीव. पाणी – कन्या.’ खाली तेच भाषण: पिता, स्थैर्य, सत्ता. मन, स्त्री, चंचल. बाबांनी वाचून घेतली आणि पाटी परत माझ्या हातात दिली. दादा म्हणाला, “बदलून घे ना.” घे ना! म्हणजे मीच मागायचं. भीक.

ठरवलंय. उद्‌घाटनाला सगळ्यांसमोर सांगणार. मला दुसरं काही नको. घर नको, फळ्या नकोत. डोंगर माझा होता, एवढं बाबांच्या कानावर चार लोकांत पडलं पाहिजे. आणि ते ऐकूनही त्यांनी मान फिरवली, तर पाणीसुद्धा सोडणार. दुसऱ्या गावात कुठेही काम मिळेल. फरश्या विकेन!

२१ फेब्रुवारी

बाबा आज आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होते. मी तिकडून दोनदा गेले. दोन्ही वेळा काहीतरी बोलतील असं वाटलं. दुसऱ्यांदा म्हणाले, “हात दुखतोय का?”

“कुणाचा?” मी म्हटलं.

“कुणाचाही.”

सरळ पुढे निघून गेले. यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

२३ फेब्रुवारी

बाईचा फोन. “एक विचारायचं होतं. तुमच्याकडे डावरं कोण आहे?”

 म्हटलं, “का?”

ती चित्रं चौकटीत बसवण्याआधी उलटी करून तपासते. कागदाच्या पाठीवर चकतीच्या घासण्याच्या खुणा राहतात. तिरक्या उजेडात धरलं की दिसतात. ज्या बाजूनं हात फिरला, त्या बाजूला त्या झुकतात. नव्या प्रतीत पाण्यामागच्या खुणा एकीकडे झुकलेल्या, डोंगरामागच्या बरोबर उलट्या.

“डोंगर डाव्या हातानं छापलाय,” म्हणाली. “तुमचे भाऊ डावरे आहेत का?”

मी फोनवरच ओरडले, “नाही! मी आहे!” शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला बघायला.

पुरावा! कागदावर! उद्घाटनाची वाट बघायलाच नको. उद्या संग्रहालयात जाते, पाटी बदलून घेते आणि तो कागद उलटा करून बाबांच्या अंगठ्याखाली धरते. आता बघू कोण मान फिरवतं ते. भाषण ठोकणाऱ्या बाईचं भिंग असं कामी येईल वाटलं नव्हतं. तिच्याबद्दल मागे लिहिलं त्यातलं निम्मं परत घेते.

२४ फेब्रुवारी

गेले होते.

मोठी खोली, लांब टेबल, बाजूनं लावलेला एकच दिवा. बाईनं माझा डोंगर उलटा ठेवला. दिसल्या खुणा – डावीकडे झुकलेल्या, खोल, दात खाऊन ओढलेल्या. मी म्हटलं, “बदला पाटी.”

“बदलते,” म्हणाली. “पण आधी हे बघा. मी तुम्हाला त्यासाठीच थांबवलंय.”

तिनं बाबांच्या उमेदीतल्या प्रती काढल्या. ज्यांच्यावर ‘डोंगरवाले’ हे नाव उभं आहे त्या. एकेक करून उलटी ठेवली. पाण्याच्या पाठी बघितल्या – हलका, उजवा हात. ती पद्धत मी झोपेतसुद्धा ओळखेन, मलाच शिकवलीय. मग तिनं बोट वर नेलं, डोंगराच्या पाठीवर.

डावा.

पुढची. डावा. त्याच्या पुढची. सगळेच. आणि माझ्यासारखेच, खांद्यापासून ओढलेले.

“तुमचे वडील दोन्ही हातांनी काम करायचे?” तिनं विचारलं.

बाबा डाव्या हातानं साधी काडी पेटवू शकत नाहीत. तिला म्हटलं, विचारून सांगते. जिना उतरले, पायरीवर बसले. दादाला फोन केला. “आईचं काय सांगत होतास?”

बाबांपासून लांब जातानाची त्याची पावलं ऐकू आली. मग म्हणाला, “तिच्या डाव्या हाताला घट्टे होते. इथे, तळव्याच्या कडेला. तुलापण पडतील आता.”

म्हणून दार लावून. म्हणून आतल्या खोलीत. बाहेर गिऱ्हाइकासमोर बाबा पाणी छापायचे आणि डोंगराचं कौतुक ऐकून घ्यायचे. आणि तिचं नाव ना फळीवर, ना कागदावर. कागदाची पाठ तेवढी राहिली, तीही भिंतीकडे तोंड करून. या माणसाला मी सोडणार नाही. माझा एक डोंगर घेतला म्हणून आठवडाभर जळतेय. यानं तिचे सगळे घेतले!

घरी येईपर्यंत काय काय बोलायचं ते सगळं ठरवलंय. बाबा झोपलेत. उद्या.

२५ फेब्रुवारी

उभ्या उभ्या विचारलं. “तुम्ही आयुष्यात स्वतः डोंगर किती छापले?”

नाकारतील म्हणून तयारीत होते. बाबा चकतीच्या दोरीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, “एक. तुझ्या आईनं तो शेगडी पेटवायला घेतला.”

मी समोर बसले.

“बाजारात मला डोंगरवाले म्हणायला लागले, तेव्हा सांगायला हवं होतं. ती म्हणाली, म्हणू देत, चित्रं खपताहेत. मी म्हणू दिलं. तुझ्या दादानं तिला छापताना बघितलं होतं, म्हणून डोंगराला त्याला बोलावलं. तुझा डावा हात पुढे आला की तीच दिसायची, मला तिथे बसवत नसे, पोरी. तुला डोंगर शिकवला नाही, कारण मला तो येतच नव्हता. मला जे येत होतं, ते सगळं तुला दिलं.”